उतारावरची बाग आणि भिंतीमागचे पाणी

स्वारगेटच्या एसटी स्थानकातून बाहेर पडून दक्षिणेकडे तोंड केले की पुढे सगळा चढच. सातारा रस्ता कात्रजच्या घाटापर्यंत चढत जातो. उजव्या हाताला पर्वती, तिच्या मागे तळजई. लक्ष्मीनगर, सहकारनगर, अरण्येश्वर, धनकवडी या वस्त्या याच उतारावर आणि त्याच्या पायथ्याशी वाढल्या. इथल्या कितीतरी बंगल्यांच्या आणि सोसायट्यांच्या मागच्या बाजूला दहा-बारा मीटरचा एक तिरका पट्टा असतो. कागदावर त्याचे नाव 'बाग', प्रत्यक्षात त्यावर गाजरगवत आणि गिरिपुष्पाची चार झाडे. खुर्ची टाकली तर कलते, पाणी घातले तर माती खाली धावते. तो पट्टा वापरात आणायचा म्हटले की पहिला सल्ला ठरलेला असतो: खालच्या टोकाला एक उंच भिंत उठवा, मागे भराव टाका, वर लॉन लावा.

हा सल्ला अगदी चुकीचा नाही, पण अपुरा आहे, आणि पुण्यात त्याची किंमत माणसांनी मोजलेली आहे.

आधी साधा हिशेब. १ः५ उतार, म्हणजे पाच मीटर पुढे गेल्यावर एक मीटर उंची बदलते. अशा जागेवर एक मीटर उंचीची भिंत पाच मीटर रुंदीची सपाट पायरी देते. १ः४ उतारावर तीच भिंत चार मीटर देते. १ः२ उतारावर मात्र दोनच मीटर, तेवढ्यात एक बाक आणि चार कुंड्या बसतील. त्यामुळे बागेचा आराखडा झाडांपासून सुरू करण्यात अर्थ नाही. पारदर्शक नळीत पाणी भरून गवंडी जी लेव्हल काढतो, तिच्यापासून सुरुवात करावी. वरच्या आणि खालच्या टोकात नेमका किती फरक आहे हे कळले की निम्मे निर्णय आपोआप होतात. अनेकदा असेही दिसते की सबंध पट्टा सपाट करायची गरजच नाही. बसायला, मुलांना खेळायला, कपडे वाळत घालायला एक पायरी पुरते, उरलेला उतार उतारच राहिला तरी बिघडत नाही. उतारावर करवंद, अडुळसा, निर्गुडी सुखाने वाढतात, त्यांना लॉनसारखी सपाटी लागत नाही.

आता भिंतीकडे. कुंपणाची भिंत आणि संरक्षक भिंत दिसायला सारख्या असतात आणि इथेच घोटाळा होतो. कुंपणाच्या भिंतीला स्वतःचे वजन आणि वारा एवढेच सोसायचे असते. संरक्षक भिंतीच्या पाठीवर माती रात्रंदिवस रेलत असते. हा रेटा किती, याचे गणित फ्रेंच लष्करी अभियंता शार्ल कुलोम याने १७७३ मध्ये मांडले. विजेच्या नियमामुळे शाळेत ज्याचे नाव आपण ऐकतो तोच हा. कॅरिबियन बेटांतल्या मार्तिनिक इथे त्याने किल्ल्याचे बांधकाम पाहिले होते, आणि भिंत किती जाड असावी हा त्याच्यापुढचा रोजचा प्रश्न होता. १८५७ मध्ये स्कॉटलंडच्या रँकिनने ते गणित आणखी सुटसुटीत केले. आजही अभियंते याच दोघांच्या सूत्रांपासून सुरुवात करतात.

त्या सूत्रांतली एक गोष्ट बाग करणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावी: रेटा उंचीच्या वर्गात वाढतो. चांगला निचरा होणारी कोरडी, मुरमाड माती धरली तर एक मीटर उंच भिंतीच्या दर मीटर लांबीवर सुमारे ३०० किलो रेटा येतो. दोन मीटरला तो १,२०० किलो होतो, तीन मीटरला २,७००. हा रेटा तळापासून एक तृतीयांश उंचीवर लागतो, त्यामुळे भिंत उलथवण्याचा जोर तर घनात वाढतो, म्हणजे दुप्पट उंचीला आठपट. एकच तीन मीटरची भिंत घालण्याऐवजी एकेक मीटरच्या तीन भिंती का घालाव्यात, याचे उत्तर एवढ्यात आले. अट एकच, की त्या एकमेकींपासून पुरेशा दूर हव्यात. ढोबळ नियम असा की वरची भिंत खालच्या भिंतीपासून त्या खालच्या भिंतीच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर असावी. जवळ जवळ रचलेल्या तीन भिंती दिसतात तीन, पण माती त्यांना एकच उंच भिंत समजून ढकलते.

हे सगळे कोरड्या मातीचे झाले. खरा प्रश्न पाण्याचा आहे. दोन मीटर भिंतीमागे पाणी वरपर्यंत तुंबले तर १,२०० किलोंचा रेटा अडीच हजारांच्या घरात जातो, म्हणजे दुपटीहून जास्त. पुण्यात वर्षभरात पाऊस पडतो सात-साडेसातशे मिलिमीटर, घाटाच्या मानाने किरकोळ. पण तो संथपणे पडेलच असे नाही. २०० चौरस मीटरच्या उतारावर एका वळवाच्या संध्याकाळी ५० मिलिमीटर पाऊस झाला, तर १०,००० लिटर पाणी होते. सोसायटीत उन्हाळ्यात येणारा एक मोठा टँकर भिंतीच्या पाठीमागे रिकामा करावा तसे. त्याला बाहेर पडायला वाट नसेल तर ते भिंतच ढकलणार.

२०१९ च्या पावसाळ्याने हे पुण्याला तीनदा दाखवले. २९ जूनच्या पहाटे कोंढव्यात एका सोसायटीची भिंत खालच्या बांधकामावरच्या मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांवर कोसळली, १५ जण गेले. तीनच दिवसांनी, १ आणि २ जुलैच्या मधल्या रात्री आंबेगावात एका शैक्षणिक संकुलाची भिंत पडून ६ मजूर दगावले. त्याच रात्री मुंबईत मालाडच्या पिंपरीपाड्यात जलाशयाच्या आवाराची भिंत वस्तीवर आली आणि पंचवीसहून अधिक माणसे मेली. मग २५ सप्टेंबरच्या रात्री कात्रजकडून आलेल्या आंबिल ओढ्याने अरण्येश्वर आणि सहकारनगरचा भाग धुऊन काढला. टांगेवाले कॉलनीत भिंत पडून पुन्हा माणसे गेली. स्वारगेटपासून हे ठिकाण रिक्षाने दहा मिनिटांवर आहे.

या घटनांचे तांत्रिक तपशील वेगवेगळे आहेत, चौकश्या झाल्या, दोषारोप झाले. पण एक गोष्ट बहुतेक ठिकाणी समान होती. भिंत वरच्या आवाराची होती आणि मेले ते खालचे. वर राहणाऱ्याला भिंतीचा फक्त माथा दिसतो, तोही बागेच्या कडेचा सुबक कठडा म्हणून. तिचे पोट, तिच्या भेगा, तिची बंद झालेली भोके हे सगळे खालच्याच्या बाजूला असते, आणि त्या भिंतीबद्दल बोलण्याचा त्याला अधिकार नसतो. बागेसाठी भिंत घालणाऱ्याने आधी खाली जाऊन तिथे कोण राहते ते पाहावे, असे मला प्रामाणिकपणे वाटते. मातीचे परीक्षण त्यानंतर.

पाणी अडवून धरणारी रचना उतारावर टिकवणे हा या परिसराचा जुनाच उद्योग आहे. अठराव्या शतकात नानासाहेब पेशव्यांनी पर्वतीच्या पायथ्याशी आंबिल ओढ्याचे पाणी अडवून तळे केले. आजची सारसबाग त्या तळ्याच्या जागी आहे, 'तळ्यातला गणपती' हे नाव तिथूनच आले. पुढे इंग्रजी अमदानीत खडकवासल्याहून निघालेला मुठा उजवा कालवा पर्वतीच्या कडेने, जवळजवळ समपातळीत, स्वारगेटवरून हडपसरकडे नेला गेला. टेकडीच्या कुशीत कोरलेला कालवा म्हणजे खालच्या बाजूने मातीच्या भरावावर पेललेले पाणीच. २७ सप्टेंबर २०१८ रोजी जनता वसाहतीजवळ तो भराव फुटला आणि दांडेकर पुलाच्या वस्तीत शेकडो घरांत पाणी शिरले. उंदीर, घुशी आणि खेकड्यांनी भराव पोखरला, असे स्पष्टीकरण तेव्हा जलसंपदा मंत्र्यांनी दिले होते. लोक त्यावर हसले. पण मातीच्या भरावात बिळातून पाण्याची वाट पडते आणि ती वाट मोठी होत जाते, ही गोष्ट मुळात खोटी नाही. हसण्याजोगे होते ते हे, की घुशी काही एका रात्रीत आल्या नव्हत्या, आणि पाहणी करणे हे कुणाचे तरी काम होते.

पाणी कोंडायचे नाही, वाट द्यायची, ही समज आपल्या डोंगरी शेतीत फार आधीपासून आहे. कोकणात जांभ्याचा नाहीतर काळ्या दगडाचा गडगा, देशावर ताली, सह्याद्रीच्या कुशीत भाताची खाचरे. पुणे जिल्ह्यातच आंबेगाव आणि जुन्नर तालुक्यांच्या पश्चिम भागात महादेव कोळी शेतकऱ्यांची 'पडकई' आहे. उन्हाळ्यात गावकरी एकमेकांच्या शेतावर पाळीपाळीने राबतात, तिथलेच दगड गोळा करून उतारावर आडवा बांध रचतात आणि त्यामागे माती ओढून खाचर तयार करतात. भीमाशंकर परिसरात कुसुम कर्णिक आणि आनंद कपूर यांच्या 'शाश्वत' संस्थेने या पद्धतीला बळ दिले. २०१२ मध्ये त्या संस्थेला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. पडकईच्या बांधात सिमेंट नाही, त्यामुळे पाणी काढायला वेगळी भोकेही लागत नाहीत, प्रत्येक सांधा हेच भोक. दरवर्षी चार दगड ढासळतात, ते पुन्हा बसवायचे. अशा बांधाचे मरण हळू असते आणि ते आधी दिसते, हा त्याचा सर्वात मोठा गुण.

त्याच आंबेगाव तालुक्यात ३० जुलै २०१४ रोजी माळीण गाव डोंगराखाली गाडले गेले, १५१ जणांचा जीव गेला. त्यानंतर यंत्रे लावून डोंगरावर केलेल्या सपाटीकरणावर बरीच टीका झाली. अतिवृष्टी, मुळातच सैल झालेला डोंगर आणि बदललेल्या पाणवाटा यांत कुणाचा वाटा किती, यावर मतभेद झाले. हाताने रचलेली पडकई आणि जेसीबीने एका दिवसात कापलेली पायरी यांना एकाच नावाने ओळखणे मात्र गैर आहे. हाताने काम करणारा माणूस दगड लागला की थांबतो, झरा दिसला की बांधाची वाट वळवतो. यंत्राला थांबण्याचे कारण नसते. सहकारनगरातल्या मागच्या अंगणालाही हे तितकेच लागू आहे. टेकडीच्या बाजूने सरळ उभा काप घेऊन तो पावसाळ्यापर्यंत उघडा ठेवणे, हे भिंत न बांधण्यापेक्षाही वाईट.

मग भिंत कशाची घालावी?

मीटरभर उंचीपर्यंत कोरड्या दगडी रचाईला माझे पहिले मत. दक्षिण पुण्याच्या टेकड्या काळ्या बसाल्टच्या, खोदकामात निघालेला दगड पुष्कळदा तिथेच वापरता येतो. तळाची रुंदी उंचीच्या निम्म्याहून जास्त, भिंत मागे टेकडीकडे किंचित झुकलेली, मोठे दगड खाली, आणि दर मीटर-दीड मीटरवर भिंतीच्या आरपार जाणारा एक लांब बंधाचा दगड. फटीत चिपा ठोकून घट्ट करायच्या. ही कला वडार समाजातल्या जुन्या कारागिरांच्या हातात आहे आणि त्यांना आता हे काम क्वचितच मिळते, कारण ठेकेदाराला ओतीव काँक्रीट सोपे पडते. युरोपातल्या आठ देशांच्या कोरड्या दगडी रचाईला २०१८ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत जागा मिळाली. आपल्याकडे तेच काम 'अनघड दगडी बांध' या नावाने मृदसंधारणाच्या अंदाजपत्रकात असते.

त्याहून उंच जायचे तर डबराची सिमेंटमधली भिंत, आणि दीड-दोन मीटरपुढे आरसीसी. आरसीसीची भिंत पातळ असूनही उभी राहते, कारण तिचा तळ मागच्या बाजूला पायासारखा पसरलेला असतो आणि मातीचेच वजन तिला दाबून धरते. म्हणजे मागे पुरेशी खोदाई हवी, लोखंड बरोबर बाजूला हवे. साधारण एक-सव्वा मीटरच्या वर संरचना अभियंत्याच्या नकाशाशिवाय हात घालू नये. मिस्त्रीचा अनुभव मोलाचा असतो, पण त्याचा अनुभव बहुतेक घराच्या भिंतींचा असतो. जाळीच्या पेटाऱ्यात दगड भरलेली गेबियन भिंत घाटरस्त्यांवर आपण पाहतो. ती निचऱ्याला उत्तम, बागेत मात्र जागा खाते. रेल्वेच्या जुन्या लाकडी स्लीपरची भिंत मासिकांतल्या फोटोंत छान दिसते, पण पुण्याच्या वाळवीला तीही आवडते.

खर्चाचा अंदाज ब्रासमध्ये लावता येतो. दहा मीटर लांब, सव्वा मीटर उंच डबराच्या भिंतीला पायासह साधारण दहा-साडेदहा घनमीटर बांधकाम लागते, म्हणजे पावणेचार ब्रासच्या आसपास. पण खर्च खरा वाढतो तो मागच्या कामाने, आणि वाचवायला लोक नेमके तेच गाळतात. भिंतीच्या पाठीला सबंध उंचीभर निदान फूटभर जाडीचा खडीचा पडदा हवा. त्याच्या तळाशी छिद्रे असलेला पाइप, भिंतीत दर मीटर-दीड मीटरवर पाणी बाहेर टाकणारी भोके, खडी आणि माती यांच्यामध्ये माती गाळून धरणारे कापड. ही कापडे आता सहज मिळतात. ते नसेल तर दोन पावसाळ्यांत बारीक माती खडीत शिरते आणि सगळा निचरा लिंपून टाकते.

भराव कशाचा, हाही तितकाच महत्त्वाचा प्रश्न. बागेसाठी म्हणून लोक ट्रकभर काळी माती मागवतात आणि तीच भिंतीमागे लोटतात. काळी माती पाणी प्यायली की फुगते, वाळली की भेगाळते. दरवर्षी ती भिंतीला एकदा ढकलते आणि एकदा सोडते. भराव मुरमाचा घालावा, थराथराने धुमस करून दाबावा, आणि वरचा फूट-दीड फूट तेवढा पोयट्याची माती व शेणखत. भाजीपाला, गुलाब, मोगरा, लॉन यांना तेवढी खोली भरपूर होते.

बागेच्या भिंतीला शेताच्या बांधापेक्षा एक जास्तीचा धोका असतो, तो आपणच निर्माण करतो. शेताचा बांध चार महिने भिजतो आणि आठ महिने वाळतो. बागेला रोज पाणी असते. ठिबकची नळी रात्रभर चालू राहते, टाकी गळते, छपराचा पन्हाळ भरावावर सोडलेला असतो. सर्वात विचित्र प्रकार पाऊसपाणी जिरवण्याच्या शोषखड्ड्याचा. खड्डा करायचा आहे आणि रिकामा कोपरा भिंतीलगतच आहे, म्हणून तो तिथे खोदला जातो. म्हणजे जे पाणी बाहेर काढायला भोके ठेवली, तेच पाणी मुद्दाम आत सोडायचे. शोषखड्डा भिंतीच्या खालच्या पातळीवर, तिच्यापासून लांब हवा. भिंतीच्या वरच्या अंगाला एक आडवी चर काढून टेकडीवरून येणारे पाणी बाजूने पावसाळी गटारापर्यंत न्यावे, शेजाऱ्याच्या अंगणात नव्हे. आणि सपाट झालेल्या जागेवर पुढे कुणालातरी गाडी लावावीशी वाटतेच. बागेसाठी बांधलेली भिंत पार्किंगच्या वजनासाठी बांधलेली नसते.

झाडांबद्दल थोडक्यात. वाळा हे उतारासाठी ईश्वरी देणे आहे, त्याची मुळे आडवी न पसरता दोन-तीन मीटर सरळ खाली जातात. भिंतीच्या वरच्या काठाने वाळा आणि गवती चहाची ओळ लावली तर माती धरली जाते आणि कडाही झाकते. वड, पिंपळ, उंबर यांची रोपे पक्ष्यांच्या कृपेने सांध्यांत उगवतात. बोटभर असताना काढली तर निघतात. भिंतीवरचा पिंपळ काढायला अनेकांचा हात होत नाही, पण तो मुळासकट कुंडीत हलवता येतो.

कायदा काय म्हणतो, हेही पाहायला हवे, कारण भिंत ही पुष्कळदा बागेच्या नावाखाली प्लॉट वाढवण्याची पहिली पायरी असते. १ः५ पेक्षा तीव्र उतारावर बांधकामाला राज्याच्या विकास नियंत्रण नियमांत मज्जाव आहे. पुण्याच्या विकास आराखड्यात टेकडीमाथा आणि टेकडीउतार हा स्वतंत्र विभाग आहे, आणि पालिकेत नंतर आलेल्या २३ गावांमधल्या टेकड्यांवर जैववैविध्य उद्यानाचे आरक्षण आहे. टेकडीच्या बाजूने दोन मीटर 'बाग' कापून घेतली की पुढच्या वर्षी तिथे शेड येते, मग पत्रा, मग स्लॅब. तळजई आणि पर्वतीच्या कडेने हिंडणाऱ्याला हा क्रम सांगावा लागत नाही.

शेवटी देखभाल. काम जानेवारीत सुरू करून मेअखेर संपवावे, सगळ्यात खालची भिंत आधी, भराव मृगाच्या आत दाबून झालेला. पुढे दर मे महिन्यात प्रत्येक भोकात सळई घालून ते मोकळे आहे ना ते पाहायचे. पहिल्या जोरदार पावसात छत्री घेऊन भिंतीच्या खालच्या बाजूला जायचे. भोकांतून स्वच्छ पाणी येत असेल तर ठीक. वर चिखल आणि भोके कोरडी, याचा अर्थ पाणी आत तुंबले आहे. गढूळ पाणी येत असेल तर मागची माती वाहून चालली आहे. भिंतीने पोट काढले असेल, किंवा वरच्या लॉनमध्ये भिंतीला समांतर लांब भेग पडली असेल, तर खालची जागा त्याच दिवशी रिकामी करून अभियंत्याला बोलवायचे, रंगाऱ्याला नव्हे. दोन सोसायट्यांच्या मधल्या भिंतीचा खर्च कुणाचा, हे बांधण्याआधी लेखी ठरवावे आणि त्या कागदात एक कलम असे घालावे की खालच्या सोसायटीला वर्षातून एकदा भराव, चर आणि पन्हाळी वर येऊन तपासता येतील.